नॉटपेड

बाबांनी चौथं प्रकरण वाचून संपवलं, कागद जुळवले, टेबलावर ठोकून त्यांच्या कडा सारख्या केल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "पैसे कोणी दिले?"

मला वाटलं प्रिंटचे विचारताहेत. सोळा पानं मी ऑफिसातच काढली होती, आणि हे सांगितलं तर सरकारी नोकरीतल्या सचोटीवर वीस मिनिटं ऐकावं लागणार म्हणून मी काहीतरी पुटपुटले. "ते नाही गं," ते म्हणाले, "ह्या पोरीला जे पत्र आलं, त्याचे." पोरगी म्हणजे माझी नायिका, मिस सोफिया हार्टली, वय वर्षं वीस, मुक्काम इंग्लंडातलं बाथ, साल १८१४. आईबाप नाहीत, आत्याच्या घरी राहते. प्रकरणात काय होतं, तर नाश्त्याच्या टेबलावर सकाळची डाक येते. कॅप्टन रीव्हचं अक्षर पाहून सोफियाच्या हातातला चमचा बशीवर किणकिणतो. आत्याचं लक्ष टोस्टकडे. सोफिया पत्र अलगद उचलते, मनगटाला अडकवलेल्या बटव्यात सरकवते, जिना चढून खिडकीशी जाते आणि थरथरत्या बोटांनी मोहर फोडते. तीन आठवडे घासून लिहिलेलं प्रकरण. त्या किणकिणण्यावर मी विशेष खूश होते.

"पहिलं तिकीट १८४० चं," बाबा म्हणाले. "पेनी ब्लॅक. आम्हाला पोस्टखात्याच्या परीक्षेलाच होतं ते. म्हणजे त्याआधी तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे पत्र नॉटपेड. घेणाऱ्यानं दारात पैसे मोजायचे, तेव्हा पत्र हातात. आता घर आत्याचं, पैसे आत्याचे. तिनं पैसे मोजून घेतलेलं पत्र तिला न दिसता टेबलावर आलं कसं?" एवढं बोलून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. चुकीचा पत्ता लिहिलेलं पार्सल खिडकीतून परत सरकवावं तसे.

तिथेच माझी कादंबरी मोडली.

कारण तो काही एक तपशील नव्हता. पुढची चार प्रकरणं त्या गुप्त पत्रव्यवहारावर उभी होती. चोरून आलेलं पत्र, चोरून दिलेलं उत्तर, उशीखाली सापडलेला गठ्ठा. आणि मी काही अभ्यास न करता लिहायला बसले नव्हते. ऑफिसातून आल्यावर रात्री अकरा ते एक असा दोन वर्षांचा अभ्यास होता माझा. बटव्याला तेव्हा रेटिक्युल म्हणत हे मला माहीत होतं. झगे इतके झिरझिरीत झाले की आत खिसा बांधला तर बाहेरून दिसायचा, म्हणून तो बटवा हातात आला, हेही. झग्यावर कुठे गाठ, कुठे टाचणी, आत काय असायचं आणि मुख्य म्हणजे काय नसायचं, हे सगळं मी वाचलं होतं. नायकाच्या गळपट्ट्याला स्टार्च किती, ते सांगू शकले असते. गळपट्टा पाठ आणि पोस्ट साफ विसरले. तेही छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाची मुलगी असून.

या नादाचं मूळ विचाराल तर शाळेच्या वयातली सर्क्युलेटिंग लायब्ररी. महिना वर्गणी भरायची, एका वेळी दोन पुस्तकं. सर्वांत खालच्या फळीवर, झाडूच्या शेजारी, कव्हरं फाटलेल्या इंग्रजी प्रेमकथा असत. पिवळी पडलेली पानं, त्यांना ओल आणि डांबरगोळी यांचा मिळून वास, आणि आत मेणबत्त्यांच्या उजेडात नाचणारी माणसं. मला निम्मं इंग्रजी कळत नसे. ड्यूक मोठा की अर्ल मोठा हे मी नवव्या यत्तेत मराठा सरदारांच्या वंशावळीपेक्षा आधी पाठ केलं होतं. (खऱ्या इंग्लंडात तेव्हा ड्यूक पंचवीस-तीसच्या आसपास, त्यातले बरेचसे म्हातारे आणि संधिवाताचे. कादंबऱ्यांतल्या तरुण, देखण्या, अविवाहित ड्यूकांची शिरगणती केली तर एकेका जिल्ह्याला डझनभर येतील.) पुढे कळलं की बाथमध्येही तेव्हा अशाच वर्गणीच्या लायब्ऱ्या होत्या, आणि कादंबरी वाचणाऱ्या मुलींना तिथेही घरचे बोलत. मला उगाच बरं वाटलं.

तर दर. मी त्या रात्री टपालाचे दर शोधत बसले. १८१२ साली दर शेवटचे वाढले, नेपोलियनशी लढाई चालू होती आणि सरकारला पैसा हवा होता. पंधरा मैलांच्या आत चार पेन्स, मग अंतराप्रमाणे चढत जायचं. ऐंशी ते एकशेवीस मैल, नऊ पेन्स. लंडन ते बाथ एकशेसात मैल, म्हणजे नऊ. हे एका कागदाचं. दोन कागद असले तर दुप्पट. पाकिटात घातलं तर पाकीट हाच दुसरा कागद, म्हणून पाकीट कोणी वापरतच नसे. लिहिलेल्या कागदाचीच घडी घालून, मधे मोहर लावून, बाहेर पत्ता. सांगायचं जास्त असलं की पान भरल्यावर ते आडवं फिरवायचं आणि लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा लिहीत सुटायचं. घरकाम करणाऱ्या मुलीला खाऊनपिऊन वर्षाला आठ-दहा पौंड मिळत. पौंडाचे शिलिंग वीस, शिलिंगाचे पेन्स बारा. हिशेब केला तर दिवसाला पाच ते साडेसहा पेन्स पडतात. म्हणजे कॅप्टन रीव्हनं 'बाथमध्ये हवा कशी आहे' असं विचारलं की त्यात स्वयंपाकघरातल्या मुलीचा दीड दिवस जायचा.

मग त्यानंच आधी पैसे भरून पाठवावं की, असं मला वाटलं. भरता येत होते. पण आधी पैसे भरणं म्हणजे समोरच्याला परवडणार नाही असं म्हटल्यासारखं. चांगल्या घरात तो अपमान समजत. आहेर परत करताना होतो तसला. शिवाय भरले तरी लपत नाही. पैसे येणे असतील तर पोस्टाचा कारकून पत्राच्या दर्शनी बाजूवर काळ्या शाईत आकडा टाकायचा, जमा असतील तर तांबड्या. आत्याला चष्म्याशिवायही कळलं असतं.

असं एक पत्र माझ्याकडे आहे. तिकिटांच्या आधीची जुनी पत्रं जमवणारे लोक असतात आणि साधी पत्रं फार महाग नसतात. एका रेस्टॉरंटच्या बिलात येईल एवढ्याला मी एक मागवलं. प्रेमपत्र नाही, वकिलानं अशिलाला लिहिलेलं, कुठल्याशा कुरणाच्या भाडेपट्ट्याबद्दल, १८१५ सालचं. पण कागद हातात घेतला आणि गप्प झाले. चिंध्यांपासून बनवलेला कागद, जाड, थोडासा मऊ. धुतलेल्या सुती साडीसारखा. उजेडासमोर धरला की आत बारीक समांतर रेघा दिसतात. घड्यांवर मळ साचलाय, बाकी दोनशे वर्षांत पिवळासुद्धा पडलेला नाही. माझ्या लायब्ररीतल्या पुस्तकांची चाळीस वर्षांत वाट लागली होती. गावाच्या नावाचा शिक्का, त्याखाली लंडनपासूनचं मैलांत अंतर. आणि पत्त्यावरून आरपार, कसलीही भीडभाड न ठेवता फर्राट्यानं ओढलेला काळा नऊ. बाबांना दाखवलं. त्यांनी पत्राचा मजकूर पाहिलाही नाही, त्या नऊवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घाईत होता. डाक सुटायची वेळ झाली असणार."

मोहरेचा तुकडा अजून चिकटलेला आहे, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचा. सीलिंग वॅक्स म्हणतात, पण त्यात मेण नावालाच. खरा माल आपली लाख. झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली ती लाख कित्येक शतकं हिंदुस्थानातून जहाजांनी युरोपात जात होती. सोफियाच्या झग्याची मलमल बंगालची, खांद्यावरची शाल काश्मीरची, हे सगळ्याच लेखकांना ठाऊक असतं आणि सगळेच लिहितात. पण तिनं जी मोहर थरथरत्या बोटांनी फोडली ती लाखेची, हे मला बाबांच्या प्रश्नापर्यंत सुचलं नव्हतं. आई लाखेच्या बांगड्या घालायची. तापलेल्या लाखेचा तो उग्र, गोडसर वास मला नाकानं माहीत आहे, आणि तरी मी प्रकरणात 'मेणाची मोहर' लिहून मोकळी झाले होते.

दुसरी पळवाट फ्रँकची. पार्लमेंटच्या सभासदांना टपाल माफ होतं. दिवसाला दहा पत्रं पाठवायची आणि पंधरा घ्यायची. मित्रमंडळी या सवलतीवर इतका डल्ला मारत की शेवटी नियम आला, सभासदानं पूर्ण पत्ता, गाव, तारीख स्वतःच्या हातानं लिहायची आणि सही करायची. कॅप्टन रीव्हला मी रातोरात एक खासदार मित्र दिला. पण मग पत्रावर अक्षर त्या मित्राचं. सोफियाच्या हातातला चमचा किणकिणेल कशानं? आणि आत्या विचारणारच, की हे कोण साहेब तुला पत्र पाठवायला लागले. लग्न न ठरलेल्या मुलीनं परपुरुषाशी पत्रव्यवहार करणं हेच मुळात लग्न ठरल्याचा पुरावा मानत. त्यातून ती वीस वर्षांची. १७५३ च्या कायद्यानुसार एकविसाच्या आत पालकाच्या संमतीशिवाय इंग्लंडात परवान्यानं लग्न होत नसे, एकतर तीन रविवार चर्चमध्ये पुकारा करायचा, नाहीतर स्कॉटलंडच्या हद्दीत पळायचं. लग्नही सकाळी आठ ते बारा या वेळातच लागायचं. आपल्याकडे गुरुजी मुहूर्त काढतात, त्यांच्याकडे एकच कायमचा काढून ठेवलेला होता.

या सगळ्यात माझी चिडचिड व्हायला लागली होती. लोकांना काय पडलंय, असं वाटायचं. मराठीत रीजन्सी, म्हणजे सोफियाच्या काळातल्या इंग्लंडच्या, प्रेमकथा वाचणारी माणसं किती, आणि त्यातल्या कोणाला १८१२ चे टपालदर ठाऊक असणार? चुलतभाऊ तर तोंडावरच म्हणाला, "तुला लिहायचंच आहे तर पेशवाईवर लिही की. नऊवारी आहे, मसाला आहे." त्याला मी काय सांगू, की नऊवारीतल्या बायकांचं मला लिहिता येत नाही कारण त्यांतली एक माझी पणजी असते. ती मध्येच येऊन उभी राहते आणि 'काय चाललंय गं' विचारते. बाथमध्ये मला ओळखणारं कोणी नाही.

बाथला एकदा गेलेसुद्धा. कंपनीनं दोन आठवडे इंग्लंडला पाठवलं होतं, मधल्या शनिवारी गाडी पकडली. सगळं गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं. पावसाची भुरभुर होती आणि ओल्या दगडाला तांदळाच्या पेजेसारखा एक मंद वास होता, की मला भूक लागली होती कोणास ठाऊक. पंप रूममध्ये कारंज्याचं पाणी पेल्यात देतात. सोफियाची आत्या रोज सकाळी तीन पेले प्यायची, म्हणजे मीच तिला प्यायला लावले होते. मी एक घोट घेतला. कोमट, लोखंडी, आणि मागून येणारी ती जमिनीच्या पोटातली चव. राजापूरच्या उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम झऱ्यांवर, लहानपणी आंघोळीला न्यायचे, तेव्हा नाकातोंडात गेलेल्या पाण्याचीच ही भावकी! इतक्या लांब येऊन मला आठवलं काय, तर आजीनं पाठीवर घासलेला नारळाचा काथ्या. वहीत मी लिहून घेतलं: 'आत्या तीन पेले पिणार नाही. दोन. तेही नाक धरून.'

चढ मात्र नकाशावर कळले नव्हते. गावातून रॉयल क्रेसेंटकडे चालत जाताना मला धाप लागली, आणि पायात बूट होते. पातळ तळव्याचे नाचाचे जोडे घातलेल्या सोफियाला मी चिखलातून हसतखेळत वर नेलं होतं. म्हणून तिथे मेणे होते, दोन भोयांचे, खुर्चीएवढे. गरम कुंडातून निघालेल्या माणसाला शाली गुंडाळून त्यात घालून थेट घरी पोचवत. नाच संध्याकाळी सहाला सुरू आणि अकराला बंद, नाच अर्ध्यात असला तरी बंद. खेडेगावांतून तर पौर्णिमेच्या आसपासच नाच ठेवत, परतताना गाडीवानाला रस्ता दिसावा म्हणून. हे कळल्यावर मी १८१४ च्या पौर्णिमा काढून भिंतीवर लावल्या. आई म्हणाली, पंचांग बघून प्रेम करणारी माणसं पहिल्यांदाच बघितली. बाबा म्हणाले, सगळीच करतात.

एका बाबतीत मराठीनं मला असा हात दिला की इंग्रजीत लिहिणाऱ्यांची कीव यावी. त्या काळात परका पुरुष मुलीला तिच्या नावानं हाक मारू शकत नसे. थोरली मुलगी म्हणजे 'मिस हार्टली', धाकटी असेल तर 'मिस' लावून नाव. बायकोसुद्धा नवऱ्याला चारचौघांत 'मिस्टर अमुक' म्हणायची. त्यामुळे तो पहिल्यांदा नुसतं 'सोफिया' म्हणतो, ही कथेतली फार मोठी घटना असते. इंग्रजी लेखकाकडे तेवढी एकच पायरी. आपल्याकडे तीन आहेत: आपण, तुम्ही, तू. शिवाय माझ्या आजीनं उभ्या जन्मात आजोबांचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. 'इकडून आणायचं झालं का' असं ती दाराकडे बघून विचारायची. मी स्वतः आईला अगं-तुगं करते आणि बाबांना अहो-जाहो, आणि हा फरक कधी ठरला ते मला आठवत नाही. 'तुम्ही'वरून 'तू'वर येताना जिभेला जो एक क्षण अडखळायला होतं, तो मला शोधायला जावं लागलं नाही. एकशेचाळीस पानं मी कॅप्टनला 'आपण'वर अडकवून ठेवलाय. त्याच्या तोंडून 'तू' निसटेल त्या दिवशी मी सुट्टी घेणार आहे.

सुरुवातीला मात्र मी घोळ घातला होता. १८१४ म्हणजे इकडे दुसरा बाजीराव, मग मराठीही तेव्हाचं हवं, या हट्टापायी सोफियाला मी बखरीच्या थाटात बोलायला लावलं. 'विज्ञापना ऐसीजे' म्हणणारी इंग्लिश मुलगी. पाच पानांनंतर मलाच हसू आवरेना. मग आजीचं मराठी घेतलं, कागदावर न दिसणारं, थोडं तिरकं. आत्याला तर आजीच दिली सगळी.

आणि कॅप्टन. याच्याबद्दल लिहायचं मी टाळतेय हे मला कळतंय.

पहिल्या खर्ड्यात त्याच्या गालावर व्रण होता. या कथांमधला नायक लढाईहून आलेला असतो, व्रण लागतोच. वय तिशीचं, १८१४ मध्ये परतलेला, पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात होता. मग व्रण कुठला? तारखा जुळवत गेले आणि उत्तर आलं: असई, २३ सप्टेंबर १८०३. आमच्या मामांच्या गावाहून जीपनं जाता येतं. मी गेलेही होते, जालना जिल्ह्यात, मक्याच्या शेतांमधून. त्या दिवशी आर्थर वेलस्लीनं नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं पाहिली, म्हणजे मधे उतार असलाच पाहिजे असा अंदाज बांधला आणि सैन्य पार नेलं. समोर शिंदे-भोसल्यांच्या फौजा, शिंद्यांच्या तोफा. इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त मेले आणि जखमी झाले, तरी जिंकले ते. पुढे याच वेलस्लीनं नेपोलियनला हरवलं ते वॉटर्लू वगैरे. माझ्या नायकाच्या गालावरचा व्रण शिंद्यांच्या तोफेचा, आणि त्याचं बाथमधलं घर? लढाईनंतरच्या लुटीचे हिस्से शिपायापासून सेनापतीपर्यंत हुद्द्याप्रमाणे वाटत. त्याला प्राइझ मनी असं साजरं नाव होतं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा नाशिकचा म्हणून ओळखला जाणारा हिरा असाच कंपनीच्या हाती गेला आणि लंडनच्या सराफाकडे पोचला. कोणातरी सोफियानं काचेआडून तो पाहिलाही असेल, आणि 'किती सुंदर' म्हणाली असेल. मीही म्हणाले असते.

खऱ्या प्रेमकथा तर याहून अवघड. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता चार्ल्स मॅलेट. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सची मुलगी सुझॅना, तिच्याशी त्यानं १७९९ मध्ये लग्न केलं. कादंबरीच आहे. पण त्याआधी अंबर कौर नावाच्या बाईपासून त्याला मुलं झालेली होती, आणि ती मुलं इंग्लंडला पाठवली गेली. मी सुझॅनाची गोष्ट लिहायला घेतली की ती दुसरी बाई, पणजीसारखीच, दारात येऊन उभी राहते. काही विचारत नाही. ते प्रकरण मी तीन वेळा मिटवलं.

व्रण ठेवलाय अजून. पण आधी सोफिया त्यावर बोट फिरवायची, आता ती विचारते आणि तो विषय बदलतो. मला एवढंच जमलं. मला तो आवडतो, ही खरी अडचण आहे.

तर पत्र. महिनाभर मी चौथ्या प्रकरणाला हात लावला नाही. मग टपालसुधारणेबद्दल वाचताना एक किस्सा सापडला, कवी कोलरिजच्या नावावर सांगतात. एका खेड्यात पोस्टमन गरीब बाईला पत्र देतो, ती हातात घेऊन बघते आणि पैसे नाहीत म्हणून परत करते. कवी कनवाळूपणे शिलिंग देऊन पत्र सोडवतो. पोस्टमन गेल्यावर बाई सांगते, उगाच दिलेत, आत कोरा कागद आहे. घरचं माणूस खुशाल आहे हे पत्र आल्यावरूनच कळायचं ठरलेलं होतं. मी धावत बाबांकडे. ते पेपर वाचत होते.

"ही तर आपल्या शेवंताबाईची गोष्ट," ते म्हणाले. नाव दुसरं होतं, मी बदललं. बाबा पोस्टमन म्हणून नवे नवे लागले होते, सत्तरच्या सुमाराला, पिशवी खांद्याला लावून वाड्यावाड्यांतून चालत टपाल वाटायचे. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. दोन-तीन महिन्यांनी मनीऑर्डर, आणि मधून मधून तिकीट न लावलेलं पाकीट. नॉटपेडला दुप्पट पैसे पडायचे. ती अंगणात यायची, हात पदराला पुसायची, पाकीट घ्यायची, एकदा पुढून एकदा मागून बघायची आणि म्हणायची, "नको भाऊ, परत पाठवा." मागे पाठवणाऱ्याचा पत्ता कधी नसायचा. "पाच-सहा वेळा झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पत्त्यात 'मु. पो.' कधी मोठं असायचं, कधी बारीक. कधी खाली रेघ, कधी दोन." मग तुम्ही तक्रार केली नाहीत? "कशाची? तिनं पत्र नाकारलं. तो तिचा हक्क. नियमात आहे."

त्या रात्री मी प्रकरण पुन्हा लिहिलं. आता सकाळी दारावर पोस्टमनची दुहेरी थाप पडते. आत्या पैशांची पेटी उघडते, नऊ पेन्स मोजायला लागते. सोफिया पत्र हातात घेते. काळा नऊ. पत्ता. 'हार्टली'मधल्या शेवटच्या अक्षराची शेपटी खाली न जाता वर वळलेली. ती पत्र उलटं करून बघते, लाखेला बोट लावते आणि परत देते. "आपलं नाही, आत्या. आणि नऊ पेन्स म्हणजे फार होतात." आत्या मनापासून खूश होते, पेटी मिटते. सोफिया बसून टोस्टला लोणी लावते, कडेपर्यंत. चमचा किणकिणत नाही.

बाबांनी ते वाचलं. कागद जुळवले, कडा ठोकल्या. मी वाट बघत होते.

"परत गेलेल्या पत्राचं काय झालं?"

"काय होणार? परत गेलं."

"असं नसतं. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, म्हणजे डेड लेटर ऑफिसात जाणार. आम्ही आरएलओ म्हणायचो, रिटर्न्ड लेटर ऑफिस. तिथे कारकून उघडतो, आत नाव-पत्ता मिळतो का बघायला. उघडल्यावर त्याला काय दिसलं?"

मी म्हटलं, कोरा कागद. ती घेणार नाही हे रीव्हला माहीतच आहे ना.

बाबांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसत बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "कोरं नसायचं."

"शेवंताबाईचं? तुम्ही उघडलंत?"

"छे! उघडायचं कसं? गुन्हा आहे तो." चष्मा त्यांनी डोळ्याशी नेऊन खिडकीसमोर धरला, डाग राहिलाय का बघायला. "वाटेत एक साकव होता. तिथे ऊन चांगलं यायचं."

"काय लिहिलेलं असायचं?"

"पोस्टमननं वाचायचं नसतं," बाबा म्हणाले, आणि पेपर उघडला.